आधी पुरावा, मग दुखणं

“रिपोर्ट नॉर्मल आहेत.”

एरवी हे वाक्य ऐकलं की माणसाचा जीव भांड्यात पडतो. अर्धशिशीच्या रुग्णाच्या मात्र पोटात खड्डा पडतो. कारण या वाक्याच्या पाठोपाठ एक न बोललेलं वाक्य येतं: मग तुम्हाला नेमकं झालंय तरी काय? रक्त तपासून झालं, बी-ट्वेल्व्ह झालं, थायरॉइड झालं, चष्म्याचा नंबर बघून झाला, हट्टाने एमआरआयही काढून झाला. सगळं जागच्या जागी. म्हणजे डोक्यात काही नाही. म्हणजे एवढं दुखत नसणार. म्हणजे टेन्शन असेल, किंवा मग सवयच असेल.

या तिन्ही ‘म्हणजे’ना तर्काचा आधार नाही, आणि या लेखाचं पहिलं भांडण त्यांच्याशी आहे. दुसरं भांडण जरा अवघड आहे, कारण ते एका आशेशी आहे, आणि ती आशा वरकरणी आम्हा रुग्णांच्याच बाजूची वाटते. ती अशी: एक दिवस मायग्रेनची रक्तचाचणी निघेल, रिपोर्टावर आकडा छापून येईल आणि मग आमच्यावर सगळे विश्वास ठेवतील. शरीरातल्या अशा मोजता येणाऱ्या खुणेला बायोमार्कर म्हणतात. मायग्रेनच्या बायोमार्करबद्दलची बातमी दर काही महिन्यांनी कुठून तरी फॉरवर्ड होऊन येते आणि खाली दहा जण हात जोडलेले इमोजी टाकतात.

माझं म्हणणं असं आहे की मायग्रेनचं निदान आजही नीट करता येतं, आणि त्यासाठी रक्ताचा एक थेंबही लागत नाही. बायोमार्कर शोधायलाच हवेत, पण वेगळ्या कामासाठी. रुग्णावर विश्वास ठेवायला रक्तचाचणीची वाट बघणं याला विज्ञाननिष्ठा म्हणता येत नाही. ती विज्ञानाच्या नावाखाली केलेली टाळाटाळ आहे.

विचारलं तर कळतं

इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने डोकेदुखीच्या प्रकारांचं वर्गीकरण पहिल्यांदा १९८८ साली प्रसिद्ध केलं. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ची आहे. त्यातले साध्या मायग्रेनचे निकष अर्ध्या पानात मावतात. असे किमान पाच अटॅक येऊन गेलेले असावेत. औषध न घेतल्यास किंवा औषध लागू न पडल्यास प्रत्येक अटॅक ४ ते ७२ तास टिकावा. पुढच्या चारपैकी दोन गोष्टी असाव्यात: एकाच बाजूला दुखणं, ठणके लागणं, दुखण्याची तीव्रता मध्यम किंवा जास्त असणं, आणि जिने चढण्यासारख्या साध्या हालचालीने दुखणं वाढणं. शिवाय एक तर मळमळ किंवा उलटी असावी, नाहीतर उजेड आणि आवाज हे दोन्ही सहन होत नसावेत. आणि या सगळ्याचं दुसऱ्या कुठल्या आजाराने जास्त चांगलं स्पष्टीकरण मिळत नसावं.

झालं. यात सुई कुठेही नाही. इथे मशीन म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर ऐकून घेणारा डॉक्टर.

तेवढाही वेळ नसेल तर त्याहून छोटा मार्ग आहे. अमेरिकेत रिचर्ड लिप्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तीन प्रश्नांची एक चाळणी प्रसिद्ध केली. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस तरी काम, अभ्यास किंवा ठरवलेल्या गोष्टी अडल्या का? डोकं दुखताना मळमळतं का? डोकं दुखताना उजेड एरवीपेक्षा बराच जास्त टोचतो का? तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ आली तर मायग्रेनची दाट शक्यता. डोकेदुखीची तक्रार असलेल्या ज्या रुग्णांवर ही चाळणी तपासली, त्यांच्यात खरोखर मायग्रेन असलेल्या १०० पैकी ८१ जण तिने पकडले आणि मायग्रेन नसलेल्या १०० पैकी ७५ जणांना बरोबर बाजूला काढलं. खर्च: अर्धा मिनिट.

मायग्रेनच्या रक्तचाचणीच्या प्रत्येक बातमीपुढे मी हे दोन आकडे ठेवते. ८१ आणि ७५. तुमची चाचणी, तुमची नळी, तुमचं शीतपेटीतून प्रयोगशाळेपर्यंत गेलेलं सँपल, यांनी आधी या फुकटच्या तीन प्रश्नांना हरवून दाखवावं. मग पुढचं बोलू.

आपल्याकडे मायग्रेन सापडत नाही ते चाचणी नाही म्हणून, असं सांगितलं जातं. वास्तविक सापडत नाही ते कुणी विचारत नाही म्हणून. बंगळूर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत निम्हान्सच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश प्रौढांना आदल्या वर्षभरात मायग्रेन झाल्याचं दिसलं. त्या पाहणीतलं मुख्य हत्यार प्रश्नावली हेच होतं.

मराठी घरांत तर या आजाराला दुसरंच नाव पडलेलं असतं: पित्त. डोकं चढतं, मळमळतं, उलटी होते, आणि उलटी झाल्यावर बऱ्याच जणांना खरंच जरा बरं वाटतं. मग घरातले निष्कर्ष काढतात की पित्त डोक्यात गेलं होतं, ते पडलं. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनच्या अटॅकचाच भाग असतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या, कोकम सरबत, ‘जागरण करू नकोस’, ‘उपाशी राहू नकोस’. (शेवटचे दोन सल्ले योगायोगाने बरोबर आहेत. जागरण आणि उपास दोन्हींनी अटॅक येऊ शकतो.) गंमत म्हणजे अर्धशिशी हा शब्द आपल्या भाषेत कधीपासूनचा आहे, संस्कृत वैद्यकात अर्धावभेदक आहे. इंग्रजीतला ‘मायग्रेन’ ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचाही अर्थ अर्धं डोकं असाच. रुग्णाने सांगितलेलं ऐकून लोकांनी रोगाचं नाव ठेवलं होतं. तेव्हा कुणी रिपोर्ट मागितला नव्हता.

पाश्चात्त्य देशांत पित्ताची जागा सायनसने घेतली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असल्याचं स्वतः मानणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले २,९९१ लोक घेतले. नीट निकष लावल्यावर त्यातल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या जातीची निघाली. ही चूकही बायोमार्कर नसल्यामुळे झालेली नाही. अर्ध्या पानाचे निकष न वापरल्यामुळे झालेली आहे.

साठ वर्षांचा शोध

शोध कुणी घेतलाच नाही असं मात्र नाही. फ्लॉरेन्सच्या फेडेरिगो सिकुटेरी यांनी १९६१ साली दाखवलं की अटॅकच्या वेळी लघवीत सेरोटोनिनच्या विघटनातून तयार होणाऱ्या एका पदार्थाचं प्रमाण वाढतं. १९६७ साली सिडनीत जेम्स लान्स यांच्या गटाला अटॅकच्या वेळी रक्तातलं सेरोटोनिन घटलेलं दिसलं. आता चाचणी आलीच, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. चाचणी काही आली नाही. सेरोटोनिन शरीरात इतक्या ठिकाणी आणि इतक्या कारणांनी वरखाली होतं की त्यावरून एका माणसाचं निदान करणं जमेना. पण त्याच धाग्यावरून सेरोटोनिनच्या ठरावीक रिसेप्टरवर काम करणारी औषधं शोधली गेली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमाट्रिप्टान बाजारात आलं. अटॅक सुरू झाल्यावर तो मोडण्यासाठी खास बनवलेलं औषध लोकांना मिळालं.

दुसरी मोठी गोष्ट सीजीआरपीची. पूर्ण नाव कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड: ३७ अमिनो आम्लांची एक साखळी, जी मज्जातंतूंच्या टोकांतून सुटते आणि रक्तवाहिन्या रुंदावते. चेहरा आणि मेंदूच्या आवरणांकडून संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूत तिचा मोठा साठा असतो. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी मायग्रेनच्या अटॅकमध्ये रुग्णांच्या गळ्यातल्या बाहेरच्या जुग्युलर शिरेतून रक्त घेतलं. त्यात सीजीआरपी वाढलेलं होतं. त्याच वेळी दंडाच्या शिरेतून घेतलेल्या रक्तात तशी वाढ नव्हती.

हा बारकावा महत्त्वाचा आहे. आपण पॅथॉलॉजी लॅबमध्ये बाही वर करून जे रक्त देतो, त्यात ही खूण दिसली नव्हती. आणि ते साहजिकच आहे. सीजीआरपी सोडणारे मज्जातंतू अंगभर आहेत, रक्तात आल्यावर ते काही मिनिटांत निम्मं होतं, आणि नळीतही एन्झाइम त्याचे तुकडे करत राहतात. हिंजवडीत ट्रॅफिक का तुंबलं हे खालापूरच्या टोलनाक्यावर गाड्या मोजून शोधण्यासारखं आहे ते.

पुढे २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्याच त्या रुग्णांची अटॅकमधली आणि अटॅक नसतानाची जुग्युलर शिरेतली पातळी ताडून पाहिली. त्यांना वाढ सापडली नाही. २०१३ साली स्पेनमधल्या गटाला वारंवार अटॅक येणाऱ्या, म्हणजे क्रॉनिक मायग्रेनच्या स्त्रियांमध्ये अटॅक नसतानाही दंडाच्या रक्तात सीजीआरपी जास्त आढळलं. पुढे इतरांच्या हाती सगळीकडे तोच निकाल लागला नाही. शिवाय क्लस्टर हेडेक या वेगळ्या डोकेदुखीतही सीजीआरपी वाढतं, हे १९९४ सालीच दिसलं होतं. मग वाढलेला आकडा दिसला तरी तो कशाचा, हे ठरवायला पुन्हा रुग्णालाच विचारावं लागणार.

म्हणजे चाचणी म्हणून सीजीआरपी डळमळीत ठरलं. औषधाचं लक्ष्य म्हणून? २०१८ साली सीजीआरपीच्या रिसेप्टरला अडवणारं एरेन्युमॅब अमेरिकेत मान्य झालं आणि त्याच वर्षी खुद्द सीजीआरपीला पकडणारी आणखी दोन औषधं मान्य झाली. २०२१ साली गोड्सबी आणि एडविन्सन यांना मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांच्यासह ब्रेन प्राइझ मिळालं. दोनदा चाचणी हुकली आणि दोनदा औषध मिळालं. या इतिहासातून मी काढते तो धडा साधा आहे: रेणू खरा असणं, आणि तो एकेका माणसाच्या निदानाला उपयोगी असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जनुकांचंही तेच. हेमिप्लेजिक मायग्रेन हा घराण्यात चालत येणारा एक दुर्मीळ प्रकार आहे, ज्यात अंगाची एक बाजू तात्पुरती लुळी पडते. त्यात ठरावीक जनुकं सापडली आहेत आणि तिथे जनुकीय चाचणीला अर्थ आहे. नेहमीच्या मायग्रेनसाठी २०२२ साली एक लाखाहून जास्त रुग्णांचा डीएनए अभ्यासला गेला, तेव्हा जोखमीशी संबंधित १२३ जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. थुंकीच्या नळीतून कुणी तुम्हाला ‘मायग्रेन आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगत असेल, तर ते तुमच्या पैशांवर डोळा ठेवून आहेत.

लेबल कुणी लावलं?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहिते, त्यामुळे पुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. एखादं मशीन लर्निंग मॉडेल मांजराचे फोटो ओळखायला शिकतं, तेव्हा कुणीतरी माणसाने आधी हजारो फोटोंवर ‘मांजर’ आणि ‘मांजर नाही’ अशी लेबलं लावलेली असतात. मॉडेल त्या लेबलांवरून शिकतं आणि त्या लेबलांवरूनच त्याला मार्क मिळतात. 

बायोमार्करच्या अभ्यासात काय होतं? दोन गट घेतात, मायग्रेन असलेले आणि नसलेले. दोन्हींचं रक्त तपासतात आणि फरक शोधतात. पण कोण कुठल्या गटात, हे कसं ठरवलं? निकष लावून. म्हणजे विचारून. म्हणजे ज्या बोलण्यावर तुमचा विश्वास नाही, त्याच बोलण्याच्या पायावर ही चाचणी उभी राहणार आहे. आणि उद्या चाचणी व रुग्ण यांच्यात मतभेद झाला, तर तुम्ही चाचणीचं खरं मानणार! पाया खोटा आणि वरचा मजला तेवढा पक्का, असं कुठल्या इमारतीत होतं?

कुणी म्हणेल, हजार लोकांच्या बोलण्यातली सरासरी आणि एकाचं बोलणं यात फरक आहे. आहेच. म्हणून गणितच करून बघू. आकडे माझे, निव्वळ उदाहरणासाठी. समजा हजार माणसांचं एक ऑफिस आहे. त्यात १५० जणांना मायग्रेन आहे. समजा एक उत्तम रक्तचाचणी निघाली, जी खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडते आणि बाकीच्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. सगळ्यांची चाचणी केली. १५० पैकी १२० सापडले. ८५० निरोग्यांपैकी ८५ जणांना उगाच मायग्रेनचा शिक्का बसला. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २०५ जणांपैकी ८५ चुकीचे, दर पाचांत दोन.

पण मला काळजी आहे ती उरलेल्या ३० जणांची. त्यांना मायग्रेन आहे. काल त्यांच्याकडे पुरावा नव्हता. आज त्यांच्या विरोधात पुरावा आहे, लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी. काल त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, आज ते खोटे ठरले. ज्या चाचणीने आम्हाला न्याय मिळेल असं वाटत होतं, तिने दर पाच रुग्णांतल्या एकावर दार कायमचं लावून घेतलं.

गणिताचे हे नियम तीन प्रश्नांच्या चाळणीलाही लागू होतात, हे मान्य. फरक असा की प्रश्नांनंतर बोलणं चालू राहतं. डॉक्टर आणखी विचारतो, डायरी लिहायला सांगतो, महिन्याभराने पुन्हा बोलावतो, मत बदलतो. लॅबचा आकडा मात्र आपल्याकडे शेवटचा शब्द मानला जातो. ठळक अक्षरात छापलेल्या आकड्याशी वाद घालण्याची सोय नसते.

पुरावा कुणाकडे मागतात?

प्रश्न फक्त मोजमापाचा असता तर सगळ्याच आजारांत असाच हट्ट दिसला असता. तो दिसत नाही. पार्किन्सन्सचं निदान प्रामुख्याने डॉक्टर रुग्णाला बघून, हात वळवून, चालायला लावून करतात. ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही, असं कुणी न्यूरॉलॉजिस्ट म्हणत नाही. पण कंप आणि फिट दुसऱ्यांना दिसतात. मायग्रेन ज्याचं त्यालाच दिसतं. दुसऱ्याला दिसते ती अंधारात पडलेली एक बाई.

‘बाई’ हे मुद्दाम लिहिलं. मायग्रेन स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतं. जगभरात शंभर कोटींहून जास्त लोकांना हा आजार आहे, आणि तरुण व मध्यमवयीन स्त्रियांच्या आयुष्यातली धडधाकट वर्षं हिरावून घेणाऱ्या आजारांत तो अगदी वरच्या क्रमांकावर असतो. एवढ्या मोठ्या आजाराकडे वैद्यकाने बराच काळ स्वभावदोष म्हणून पाहिलं. न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड वुल्फ यांनी १९३७ साली मायग्रेनच्या माणसांचा स्वभावच रेखाटला: महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर. समाजशास्त्रज्ञ जोआना केम्पनर यांनी २०१४ साली एक अख्खं पुस्तक या विषयावर लिहिलं. मायग्रेनला गंभीरपणे न घेण्यामागे रुग्ण म्हणजे कोण हे चित्र किती कारणीभूत आहे, हा त्याचा गाभा. आपल्याला त्यासाठी पुस्तक वाचायची गरज नाही. बायकोचं डोकं दुखतं यावरचे विनोद कुठल्याही फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतात. आपल्या भाषेत ‘डोकेदुखी’ या शब्दाचा अर्थच नसती कटकट असा आहे.

ऑफिसात हाच अविश्वास सभ्य कपडे घालून येतो. मी आधी जिथे काम करायचे तिथे महिन्यातली दुसरी सिक लीव्ह टाकल्यावर पोर्टलवर एक रकाना उघडायचा: ‘डायग्नोस्टिक रिपोर्ट जोडा’. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर अर्ज परत यायचा, शेरा यायचा की चिठ्ठी म्हणजे रिपोर्ट नव्हे. न्यूरॉलॉजिस्टने वीस मिनिटं बोलून, डोळे तपासून, मान वळवून, गुडघ्यावर हातोडी मारून लिहिलेलं निदान चालत नव्हतं. त्याऐवजी व्हिटॅमिन डी कमी असल्याचा कागद जोडला तर रजा मंजूर व्हायची. भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता इतकी सर्रास आहे की तो कागद जवळजवळ कुणालाही मिळेल. तो माझ्या डोकेदुखीबद्दल काहीच सांगत नव्हता. पण त्याच्यावर आकडा होता.

‘मग उद्या कुणीही उठेल आणि मायग्रेन सांगून घरी बसेल’, हा यावरचा ठरलेला प्रतिवाद. बसेल एखादा. तो आज पोट बिघडलं सांगूनही घरी बसतो, आणि त्यावर कुणी शौचाचा नमुना मागत नाही. कामचुकार शोधणं हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, तो त्यांनी कामाकडे बघून सोडवावा. त्यासाठी खऱ्या रुग्णांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं कारण नाही.

या अविश्वासाची किंमत फक्त मानहानीची नसते. ज्याला निदान मिळत नाही तो मेडिकलच्या दुकानातून गोळी घेतो. मग आठवड्यातून दोनदा घेतो. मग रोज. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, काही महिने घेत राहिलं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. त्याला वेगळं वैद्यकीय नाव आहे आणि त्यातून बाहेर पडणं कष्टाचं आहे. पहिल्याच भेटीत कुणी तीन प्रश्न विचारले असते, तर यातले कितीतरी जण त्या रस्त्याला लागले नसते.

रक्ताने कुठलं काम करावं

चाचण्याच नकोत, असं मी म्हणत नाही. डोकेदुखीत काही तपासण्या जीव वाचवतात. अचानक, क्षणार्धात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान ताठणं, हातपाय लुळे पडणं, गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं दुखणं, यांत तपासणीला उशीर करायचा नसतो. आणि निखळ जैवरासायनिक खुणा जिथे खरोखर उपयोगी पडतात, असं एक ठळक उदाहरण आहे: पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कपाळाच्या बाजूला हात लावला तरी दुखणं, चावताना जबडा भरून येणं. ही कानशिलाजवळच्या धमनीचा दाह असल्याची लक्षणं असू शकतात. तिथे ईएसआर आणि सीआरपी या साध्या चाचण्या डॉक्टरला दिशा देतात, आणि वेळेत स्टिरॉइड मिळालं नाही तर दृष्टी जाऊ शकते. इथे रक्त ‘दुसरं काही आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देतं. ‘ही खरं बोलतेय का?’ हा प्रश्न रक्ताला विचारायचाच नसतो.

मायग्रेनच्या बायोमार्करसाठीही असंच नेमकं काम पडून आहे. एरेन्युमॅबच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त डोस घेणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांचे महिन्याचे मायग्रेनचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांत हेच प्रमाण २६.६ टक्के होतं. औषध चालतं, यात शंका नाही. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? कुणाला कुठलं औषध लागू पडेल हे आज आपण करून बघूनच ठरवतो: एक औषध दोन-तीन महिने, नाही जमलं तर दुसरं. नव्या इंजेक्शनांची किंमत बघता आपल्याकडच्या रुग्णाला हा जुगार परवडत नाही. इंजेक्शन घेण्याआधी रक्त बघून ‘हे तुम्हाला लागू पडेल’ असं सांगता आलं, तर ती चाचणी मी रांगेत उभी राहून करून घेईन. कुणाचं अधूनमधून येणारं मायग्रेन पुढे महिन्यातले पंधरा दिवस व्यापणार आहे, हे आधी सांगता आलं तर तीही.

या दोन्ही चाचण्या रुग्णाचं ऐकून घेतल्यानंतरच्या आहेत. आधी मान्य करायचं की हिला मायग्रेन आहे, आणि मग रक्ताला विचारायचं की आता काय केलं तर बरं वाटेल. आज सगळा जोर पहिल्या पायरीवर आहे, जिथे गरज नाही. दुसरी पायरी, जिथे लाखो लोक अडून बसले आहेत, तिथल्या बातमीला ना मथळा मिळतो ना हात जोडलेले इमोजी.

तेव्हा मागण्या थोडक्यात. डॉक्टरांनी विचारावं आणि विचारून झालेलं निदान कागदावर स्पष्ट शब्दांत लिहावं; ‘हेडेक, अंडर इव्हॅल्युएशन’ असं वर्षानुवर्षं लिहू नये. कंपन्यांनी न्यूरॉलॉजिस्टची किंवा फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी हाच रिपोर्ट मानावा, कारण या आजारात तोच रिपोर्ट असतो. लॅबवाल्यांनी ‘हेडेक पॅकेज’ विकू नयेत. आणि आपण, घरातल्यांनी, पुढच्या वेळी कुणी कपाळाला बाम चोळून, ओढणी घट्ट बांधून बसलेलं दिसलं तर ‘पुन्हा?’ असं म्हणू नये. काम अडतंय का, मळमळतंय का, उजेड टोचतोय का, एवढं विचारावं. दोन उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरची वेळ घ्यावी, आणि त्याआधी उठून खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी.